होमावाचून दत्तक

दत्तक हा शब्द आपल्या विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात, आणि तिथे तो राज्याच्या निमित्ताने येतो. डलहौसीने १८४८ मध्ये सातारा खालसा केला, १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर खालसा केले, कारण कंपनी सरकारने दत्तकाचा हक्क मानला नाही. मी इतिहासाचा अध्यापक असल्यामुळे हा धडा दरवर्षी वर्गात येतो. संस्थानाचे काय झाले, तनख्याचे काय झाले, १८५७ च्या उठावाशी त्याचा संबंध काय, हे सारे त्या धड्यात असते. जी मुले गादीसाठी घेतली गेली त्यांना त्यांच्या आयांपासून कोणी आणि कोणत्या वयात उचलले, हे मात्र पुस्तक सांगत नाही. मूल तिथे केवळ एक शिक्का आहे. तो उमटला तर गादी राहते, न उमटला तर जाते.

मूल दत्तक घेतले जाते ते कोणासाठी? पितरांच्या पिंडासाठी, घराण्याच्या नावासाठी, जमिनीसाठी, की त्या मुलासाठीच? आपल्या देशातील दत्तकाचा इतिहास म्हणजे या प्रश्नाच्या बदलत गेलेल्या उत्तराचा इतिहास आहे. हे उत्तर बदलण्यात शूद्रातिशूद्रांचा आणि त्यांच्यातून आलेल्या विचारवंतांचा वाटा मोठा आहे. तो कोठे एकत्र लिहिलेला दिसत नाही, म्हणून ही मांडणी.

१

धर्मशास्त्राने दत्तकाचा विचार पुत्राच्या अंगाने केला. पुत्र नसेल तर पिंड कोण देणार आणि कुल कोण चालवणार, हा त्याचा आरंभबिंदू. नंदपंडिताची 'दत्तकमीमांसा' आणि 'दत्तकचंद्रिका' हे या विषयावरचे दोन प्रमुख ग्रंथ. सदरलँड याने १८२१ मध्ये त्यांचे इंग्रजी भाषांतर केले आणि इंग्रज न्यायाधीशांच्या टेबलावर ते जाऊन बसले. जे ग्रंथ मूठभर शास्त्र्यांच्या वादविवादाचे होते ते साऱ्या देशाचा कायदा झाले. लोक प्रत्यक्षात काय करीत होते याला दुय्यम स्थान मिळाले.

या शास्त्राच्या अटी पाहाव्यात. घ्यायचा तो मुलगाच. तो आपल्याच वर्णजातीतला हवा. तो पुत्राची छाया वाटला पाहिजे, म्हणून ज्या स्त्रीशी दत्तक घेणाऱ्याचे लग्न शास्त्राप्रमाणे होऊ शकले नसते तिचा मुलगा चालत नाही. अर्थात मुलीचा मुलगा आणि बहिणीचा मुलगा बाद. शिवाय समंत्रक दत्तहोम. सगोत्र मुलगा असेल तर होमाला सूट, असे काही निकाल झाले. पण सर्वसाधारण नियम असा की पहिल्या तीन वर्णांत होमाशिवाय दत्तक पुरा होत नाही.

शूद्राचे काय? शूद्राला वेदमंत्राचा अधिकार नाही, म्हणून त्याला होमाची गरज नाही. त्याने मूल द्यावे, दुसऱ्याने घ्यावे, झाले दत्तक. शूद्राने भाचा घेतला किंवा नातू घेतला तरी हरकत नाही. न्यायालयांच्या पुस्तकांत तीन वर्ण आणि शूद्र एवढेच रकाने होते. अस्पृश्यांसाठी निराळा रकाना नव्हता. त्यामुळे आपल्या लोकांची प्रकरणे कधी कोर्टाची पायरी चढलीच तर ती याच शेवटच्या रकान्यात पडत.

ही सूट उदारपणाने दिलेली नव्हती. ज्याला मंत्राचा अधिकार नाही त्याच्याकडून मंत्राची अपेक्षा नाही, एवढाच तिचा अर्थ. पण आज मागे वळून पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. १९५६ साली स्वतंत्र भारताने हिंदू दत्तक व निर्वाह कायदा केला तेव्हा दत्तहोम कोणालाच आवश्यक राहिला नाही. प्रत्यक्ष देणे आणि प्रत्यक्ष घेणे एवढेच सर्वांना आवश्यक ठरले. बहिणीचा मुलगा, मुलीचा मुलगा सर्वांना मोकळा झाला. शास्त्राने ज्याला शूद्राचे उणेपण मानले होते तोच साऱ्या हिंदूंचा कायदा झाला. ब्राह्मणाला शूद्राच्या पद्धतीने दत्तक घ्यावे लागले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. या कलमाकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष जावे.

२

माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्यामुळे आमच्या घरात दत्तकपत्र नावाचा कागद कधी कोणी पाहिला नव्हता. पण दुसऱ्याचे मूल सांभाळणे ही रोजची गोष्ट होती. माझ्या आजीची बहीण बाळंतपणात गेली. तिची मुलगी आजीने उचलून आणली आणि आपल्या मुलींबरोबर वाढवली. आम्ही तिला मावशीच म्हणत आलो. तिला दत्तक घेतले असे कोणी कधी म्हटले नाही. आजीचे शब्द एवढेच असत की, पोर ओटीत आली. अशी घरे वस्तीवर पाचपंचवीस तरी निघतील. पटकी, बाळंतपण, दुष्काळ, मुंबईच्या गिरणीत गेलेला आणि परत न आलेला बाप, या सगळ्यांनी पोरकी केलेली मुले कोणत्याही आश्रमाच्या आधी मावशीच्या, आत्याच्या, आजीच्या ओटीत पडली.

हे सांगताना आपल्याच लोकांचे गोडवे गाण्याचा मोह टाळला पाहिजे. आपण होम केला नाही, पण शास्त्राची बाकीची कलमे पुष्कळदा बिनबोभाट पाळली. जातीबाहेरचे मूल उचलून आणणारी घरे आपल्यातही विरळाच. पोटजातीचा सल तर आजही गेलेला नाही. वारस म्हणून डोळे लागत ते मुलाकडे; मुलगी सांभाळली जाई, पण वतनात तिचे नाव लागत नसे. महार वतन हे गुलामीचे वतन आहे असे बाबासाहेब १९२८ पासून कायदेमंडळात सांगत होते. ते वतन कायद्याने १९५९ मध्ये संपले, तरी वतनाने शिकवलेला वारसाचा विचार घरातून तितक्या लवकर गेला नाही.

मुलींच्या बाबतीत एक निकाल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८८० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नायकिणींनी घेतलेल्या कन्यादत्तकाला मान्यता नाकारली. मुलीला त्या धंद्यात ओढण्याची ती वाट होती, हे खरे. पण ज्या देवळांनी आणि ज्या धनिकांनी तो धंदा चालवला त्यांच्यावर त्या निकालाने काही आले नाही. मुलगी दत्तक घेता येते हे सर्व हिंदू घरांसाठी मान्य व्हायला पुढे ७६ वर्षे जावी लागली.

३

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला वळण देणारी तीन दत्तके झाली. त्यांतली दोन राजघराण्यांतली आहेत. बडोद्याच्या जमनाबाईंनी १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावातील गोपाळराव नावाचा मुलगा गादीवर घेतला. तो सयाजीराव गायकवाड झाला, आणि त्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेला. तो शाहू महाराज झाला. १९०२ मध्ये त्याने मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. दत्तक घेणाऱ्यांना वारस हवा होता. समाजाला त्यातून काही निराळेच मिळाले. पण पद्धत जुनीच होती: गादी आधी, मूल नंतर.

तिसरे दत्तक पुण्याच्या गंज पेठेतले. त्याने ती पद्धतच उलटी केली.

जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. बालविवाहाने विधवा झालेली, पुनर्विवाहाची बंदी असलेली आणि घरातल्याच किंवा ओळखीच्या पुरुषाने फसवलेली ब्राह्मण स्त्री त्या काळी काय करीत असे? गर्भ पाडी, मूल मारून टाकी, नाहीतर स्वतः विहीर जवळ करी. कायदा तिला शिक्षा देई. पुरुष मोकळा राही. अशा स्त्रीने येथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा येथे ठेवावे, तिची इच्छा, अशी ही सोय होती. १८८४ मध्ये सरकारला दिलेल्या अभिप्रायात अशा ३५ स्त्रिया येऊन गेल्याचे जोतीरावांनी नमूद केले आहे. आजच्या दत्तकविधीतील सगळ्यांत महत्त्वाचे तत्त्व, म्हणजे आईची इच्छा आणि तिच्या नावाची गुप्तता, या घराने दीडशे वर्षांपूर्वी पाळले.

याच घरात जन्मलेला एक मुलगा फुले दांपत्याने १८७४ च्या सुमारास आपला केला. तोच यशवंत. शास्त्राच्या कसोट्या त्याला लावून पाहा. मूल जातीचे नाही. बाप अज्ञात. आई विधवा. होम नाही. एकही अट पुरी होत नाही, आणि तरीही तो मुलगा झाला. त्याला डॉक्टर केले. त्याचे लग्न सत्यशोधक पद्धतीने केले. जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून मिळकत त्याच्या नावे ठेवली. मला वाटते, हे दत्तक भाऊबंद मानणार नाहीत आणि कोर्टात ते टिकेल याचा भरवसा नाही, हे ओळखूनच मृत्युपत्राचा मार्ग धरला असावा. त्याच मृत्युपत्रात आणखी एक तरतूद आहे: यशवंत लायक निघाला नाही तर शूद्र समाजातील एखाद्या हुशार मुलाला ती मिळकत द्यावी. वारसा रक्ताने येतो ही कल्पनाच येथे मोडली आहे.

भाऊबंदांनी आपला अधिकार शेवटी दाखवलाच. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाने टिटवे धरायला त्यांनी हरकत घेतली. सावित्रीबाईंनी टिटवे स्वतः हातात घेतले आणि चितेला अग्नी दिला. पुत्रावाचून गती नाही म्हणून दत्तक, हा शास्त्राचा सारा डोलारा त्या एका कृतीने खाली आला. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांनी यशवंताला बोलावून घेतले आणि पुण्याजवळ रोग्यांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या महार वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे आल्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या पाठीने ते मूल वाहिले तिने त्याची जात विचारली नव्हती.

४

फुल्यांनी घरात केले ते कायद्यात आणण्याचे काम बाबासाहेबांनी हाती घेतले. हिंदू कोड बिलात विवाह आणि वारसा यांच्या जोडीला दत्तकाचाही भाग होता. त्यामागे विधवेचा प्रश्न होता. पूर्वीच्या कायद्यात विधवेने दत्तक घेतला की तो नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवसापासूनचा मुलगा समजला जाई. त्यामुळे तिच्या हाती असलेली मिळकत तिच्याकडून निघून जाई आणि खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षे चालणारे दावे उभे राहत. बिल रखडले आणि १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. नंतर त्याच बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. त्यांतला दत्तकाचा कायदा २१ डिसेंबर १९५६ चा आहे. महापरिनिर्वाणानंतरचा तो पंधरावा दिवस.

या कायद्याने जातीची अट काढली, मुलगी दत्तक घेणे मान्य केले, अविवाहित स्त्रीला आणि विधवेला स्वतःसाठी दत्तक घेण्याचा अधिकार दिला, आणि दत्तकामुळे आधीच कोणाच्या हाती आलेली मिळकत काढून घेता येणार नाही असे ठरवले. बौद्ध, जैन, शीख यांनाही तो लागू आहे. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू नाही. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा हक्क मात्र २०१० च्या दुरुस्तीनेच मिळाला.

मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांना १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व घेता येई. सर्वांसाठी एक कायदा करावा म्हणून १९७२ मध्ये आणि पुन्हा १९८० मध्ये विधेयके आली. धर्माच्या नावाने विरोध झाला आणि ती पार पडली नाहीत. वाट निघाली ती बालकांच्या बाजूने. परदेशी दत्तकातील गैरप्रकारांविषयी एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, आणि लक्ष्मीकांत पांडे खटल्यात १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी नियम घालून दिले. त्यातून १९९० मध्ये केंद्रीय दत्तक प्राधिकरण, म्हणजे 'कारा', अस्तित्वात आले. बालन्याय कायद्यात २००० मध्ये दत्तकाला जागा मिळाली आणि तो कायदा कोणत्याही धर्माच्या माणसाला खुला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. सध्याचा कायदा २०१५ चा आहे.

५

ही व्यवस्था कशी चालते ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे, कारण वस्तीत प्रसंग आला की लोक आपल्याकडेच येतात.

सापडलेले किंवा पोरके मूल प्रथम जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. १०९८ या क्रमांकावर कळवता येते. समिती नातेवाइकांचा शोध घेते. मूल दोन वर्षांच्या आतले असेल तर दोन महिन्यांत आणि मोठे असेल तर चार महिन्यांत ते दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर करता येते. आई स्वतः मूल सोपवत असेल तर तिला विचार बदलण्यासाठी दोन महिने असतात. मूल सांभाळणाऱ्या संस्थेला मान्यता लागते. महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे: पंढरपूरचा प्रार्थना समाजाचा बालकाश्रम १८७५ चा, माटुंग्याचा श्रद्धानंद महिलाश्रम १९२७ चा, पुण्याचे भारतीय समाज सेवा केंद्र १९७९ चे. ज्यांना मूल हवे ते 'कारा'कडे नाव नोंदवतात, समाजसेवक घरी येऊन चौकशी करतो, आणि यादीतील क्रमाने मुलाची माहिती दाखवली जाते. काही दिवस मूल घरी राहते, मग अंतिम आदेश. २०२१ च्या दुरुस्तीने हा आदेश देण्याचे काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्याकडे गेले. त्यापुढेही दोन वर्षे दर सहा महिन्यांनी चौकशी होते. या मार्गाबाहेर दवाखान्यातून परस्पर मूल देणे-घेणे हा गुन्हा आहे.

एकूण, मूल कोणासाठी या प्रश्नाला कायद्याने आज 'मुलासाठी' असे उत्तर दिले आहे. कोणत्या जातीचे मूल हवे, अशी पसंती त्या नोंदणीत मागता येत नाही. मग आपले काम संपले काय? माझ्या मते तीन प्रश्न अजून उघडे आहेत.

पहिला, देणाऱ्या आईचा. मूल सोपवणाऱ्या कागदावर तिची सही असते, पण त्या सहीमागे भूक असेल तर तिला इच्छा म्हणता येईल काय? ऊसतोडीला जाणाऱ्या, टाकलेल्या, फसवलेल्या स्त्रीला आधी राहायला जागा, काम आणि वैद्यकीय मदत मिळते का, हे पाहणे समितीचे आणि आपलेही काम आहे. ते न पाहता घेतलेली सही म्हणजे गरिबाच्या ओटीतून काढून श्रीमंताच्या ओटीत घालणे. फुल्यांच्या घरात आईला मूल बरोबर नेण्याचीही मुभा होती, ते विसरता कामा नये.

दुसरा प्रश्न ओटीत वाढलेल्या मुलांचा. मावशीने वाढवलेली एक विद्यार्थिनी माझ्या वर्गात होती. आईवडील ती लहान असतानाच गेलेले. प्रवेशाच्या अर्जात पालक म्हणून मावशीचे नाव, दाखल्यावर वडिलांचे. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांच्या बाजूचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा, आणि वडिलांच्या गावाशी संबंध तुटलेला. मावशीकडे नोटरीपुढे केलेला एक स्टँप पेपर होता. कचेरीत तो कोणी हातात घेईना. १९५६ च्या कायद्याने दत्तक द्यायला आई, बाप किंवा पालक लागतो; आईबाप नसतील तर पालकाने न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि मूल १५ वर्षांच्या आतले असावे लागते. बालन्याय कायद्याखाली नात्यातले दत्तक घेता येते, तेही १८ वर्षांच्या आत. मूल कॉलेजात येईपर्यंत दोन्ही दारे बहुधा लागलेली असतात. म्हणून शाळेतल्या शिक्षकांना माझे सांगणे आहे: पहिली-दुसरीच्या पटावर पोरके मूल दिसले की मावशीला, आत्याला तेव्हाच बाल कल्याण समितीकडे घेऊन जा. जन्मदात्याचे दाखलेही तेव्हाच गोळा करून ठेवा. आमच्या आजीला कागद लागला नाही. आजच्या आजीला तो लागतो.

तिसरा प्रश्न जातीचा. ज्या मुलाचे आईबाप ठाऊक नाहीत त्याची जात कोणती? राज्य सरकारने २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का आरक्षण ठेवले, ही चांगली गोष्ट झाली. पण सवर्णात जन्मलेले मूल दलित घरात दत्तक गेले तर? १९९६ च्या वलसम्मा पॉल निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की विवाहाने किंवा दत्तकाने मागास समाजात आलेल्याला केवळ तेवढ्याने आरक्षण मिळत नाही. सवलतीसाठी होणारी लबाडी थांबावी हा हेतू योग्यच. मात्र जे मूल पाळण्यापासून आपल्या वस्तीत वाढले, ज्याने आपल्याबरोबर तीच भूक आणि तोच अपमान घेतला, त्याला जन्माची जात दाखवून बाहेर काढणे म्हणजे रक्ताचाच सिद्धांत मागच्या दाराने आत घेणे होय.

'जातिनिर्मूलना'च्या १९३६ च्या मांडणीत बाबासाहेबांनी मिश्रविवाहावर भर दिला, कारण रक्ताचे नाते जोडल्याशिवाय आपलेपणा येत नाही असे ते म्हणत. दत्तक ही त्याच्या शेजारची वाट आहे, आणि तिथे रक्ताचीही गरज पडत नाही. जात म्हणजे रक्ताची शुद्धी असेल, तर जात न विचारता वाढवलेले प्रत्येक मूल हे तिला दिलेले उत्तर आहे. हे उत्तर आजवर एकट्यादुकट्या घरांनी दिले. संस्था आहेत, कायदा आहे, त्याचा मार्ग वर लिहिला आहे. आपल्यातील शिकलेल्या, नोकरी लागलेल्या आणि मूल नसलेल्या जोडप्यांनी देवऋषी आणि नवस यांची दारे धरण्याऐवजी हा मार्ग धरावा. आणि धरला तर मुलगी की मुलगा, गोरे की काळे, आपल्यातले की परके, हे प्रश्न नोंदणीच्या खिडकीबाहेर ठेवून आत जावे.